कार्टूनचा डबा: निळी पेन्सिल पास, पुस्तिका नापास

'अगदी नवशिक्यांसाठी' असं झाकणावर ठळक छापलेला कार्टून-ड्रॉइंगचा एक डबा गेले काही महिने मी वापरतेय. आत भरपूर माल आहे: पेन्सिलींचा संच, एक फिकट निळी पेन्सिल, दोन खोडरबर, काळ्या शाईची चार पेनं, एक ब्रश-पेन, स्पायरलचं स्केचबुक, वीतभर उंचीचा लाकडी बाहुला आणि पायरी-पायरीने कार्टून पात्रं काढायला शिकवणारी रंगीत पुस्तिका. पुस्तिकेतले क्यूआर कोड स्कॅन केले की व्हिडिओ उघडतात. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो, त्यामुळे एकाबद्दल लिहिलेलं दुसऱ्यालाही बऱ्यापैकी लागू पडेल.

निकाल आधीच सांगून टाकते. डबा घ्यायला हरकत नाही, पण ज्या पुस्तिकेच्या जोरावर तो विकला जातो, ती त्यातली सगळ्यात कच्ची वस्तू आहे. आणि जिच्याबद्दल पुस्तिकेत धड दोन ओळीही नाहीत, ती निळी पेन्सिल सगळ्यात कामाची.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. चित्रकलेशी संबंध शाळेत सुटला तो सुटलाच. पेशंटना घरी करायचे व्यायाम मी कागदावर देते आणि त्यावरची चित्रं म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात हात कुठला आणि बाण कुठला हे आता मलाही सांगता येत नाही. म्हटलं, आपणच एक कार्टून माणूस तयार करावा आणि सगळे व्यायाम त्याच्याकडून करून घ्यावेत. म्हणजे माझी मागणी एकच, पण चिवट: पात्र एक, पण ते उभं, बसलेलं, उताणं, पालथं, समोरून, बाजूने, मागून कसंही काढता आलं पाहिजे आणि दर वेळी तोच माणूस वाटला पाहिजे. तुम्हाला वाढदिवसाच्या कार्डावर एखादी मांजर काढायची असेल, तर माझ्या निम्म्या तक्रारी तुमच्या कामाच्या नाहीत.

पुस्तिकेची पद्धत ठरलेली. प्रत्येक पात्राला एक पान, पानावर चार चौकोन. पहिल्यात गोल. दुसऱ्यात गोलाखाली अंडाकृती धड. तिसऱ्यात हातापायांच्या नळ्या. आणि चौथ्यात एकदम टोपी, केसांच्या बटा, शर्टाच्या चुण्या, बुटांच्या नाड्या, डोळ्यांतली चमक, सगळं हजर. तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनाच्या मध्ये जे घडतं, तेच तर शिकायचं असतं. ते पुस्तिका गिळून टाकते.

तरीही बरहुकूम काढत गेलं की चित्र येतं, हे मान्य करायला हवं. जादूगार येतो, मांजर येते, रोबो तर हमखास येतो. माझ्या भाचीने डायनासोर काढला तो अगदी छापल्यासारखा. मी तिला म्हटलं, "आता हाच खाली बसव." तिने पुस्तिका पुढून चाळली, मागून चाळली आणि म्हणाली, "मावशी, बसलेला यात नाहीये." एवढं नेमकं परीक्षण मला लिहिता आलं नसतं.

मग मी पुस्तिका वेगळ्या नजरेने बघायला लागले. सगळी पात्रं समोर तोंड करून उभी. सगळ्यांचं वजन दोन्ही पायांवर सारखं. आणि हात? जादूगाराचे हात झग्यात, शाळकरी मुलाचे खिशात, परीचे पाठीमागे, रोबोला चिमटे. नवशिक्याला हात जमत नाहीत म्हणून लपवलेत, हे उघड आहे. पण हात कसे काढायचे ते शिकवायला एक पान खर्च करायला काय हरकत होती? कार्टूनला बहुधा चारच बोटं देतात, अंगठा धरून; अ‍ॅनिमेशनमध्ये एकेक हात हजारो वेळा काढावा लागायचा, तेव्हा एक बोट कमी म्हणजे तेवढं काम कमी, आणि लहानशा हातावर पाच बोटांची गर्दीही होत नाही. तळव्याचा एक फुगीर चौकोन, बाजूला अंगठ्याची पाचर, वर तीन बोटं. हे सांगायला अर्धं पान पुरतं. भिंतीवर बोटांनी चालत हात वर नेण्याचा व्यायाम दाखवायचा असेल, तर खिशात हात घातलेला मुलगा माझ्या काय कामाचा?

माझी ही मागणी जगावेगळी नाही, हे मला नंतर कळलं. अ‍ॅनिमेशन स्टुडिओंपुढे हाच प्रश्न होता. एकच पात्र अनेक चित्रकारांनी काढायचं आणि ते सगळीकडे तेच दिसायला हवं. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे मॉडेल शीट. एका कागदावर पात्र समोरून, पाऊण वळलेलं (म्हणजे समोर आणि बाजू यांच्या मधलं), बाजूने आणि मागून. सगळी एका ओळीत, सारख्या उंचीची. डोक्याच्या वरपासून पायापर्यंत आडव्या रेघा मारलेल्या, म्हणजे हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा सगळ्या चित्रांत एकाच पातळीवर येतात. मोजमापाचं एकक म्हणजे पात्राचं स्वतःचं डोकं. हे करायला कला लागत नाही, पट्टी लागते. नवशिक्याला याहून मोठा आधार कुठला? पुस्तिकेत मॉडेल शीटचा उल्लेखच नाही.

डोक्यांचं गणित माझ्या कामात तर फारच नडतं. खरा प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो. पुस्तिकेतली गोंडस पात्रं जेमतेम अडीच-तीन डोक्यांची. दिसायला छान, पण अशा पात्राला दोन्ही हात डोक्यामागे बांधायला सांगून बघा. हात पोचतच नाहीत! डोकं एवढं मोठं आणि हात एवढे आखूड की तळवे कानांपाशीच अडकतात. अ‍ॅनिमेशनवाले अशा वेळी बेधडक हात लांबवतात आणि ते क्षणभरात निघून जातं, म्हणून कोणाला खटकत नाही. कागदावरचं चित्र पेशंट निवांत बघत बसतो. शेवटी माझं पात्र साडेचार डोक्यांवर स्थिरावलं. त्याला टक्कल दिलं आणि मागून ओळखू यावा म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूला एक उभी बट ठेवली. एका आजींनी तो कागद हातात घेऊन विचारलं, "केस विंचरायच्या आधीच व्यायामाला उभं केलंत होय याला?" म्हणजे बट दिसते, काम झालं.

पुस्तिकेतलं एक पान मात्र खरंच चांगलं आहे, आणि ते त्यांनी परिशिष्टात, छपाईच्या माहितीच्या शेजारी टाकलंय. डोकं म्हणजे चेंडू. त्यावर एक उभी मधली रेघ आणि एक आडवी डोळ्यांची रेघ. चेंडू वळला की रेघा वळतात, आणि डोळे-नाक त्या रेघांवर बसवायचे. त्यांनी दोनच आकृत्या दिल्यात. मी पुढचं क्लिनिकमध्ये केलं. बोटांच्या ताकदीसाठी पेशंटना दाबायला देतो तो मऊ चेंडू घेतला आणि मार्करने त्यावर दोन रेघा ओढल्या, डोळ्यांचे दोन ठिपके दिले, नाकाचा एक. आता तो हातात धरून फिरवा. मान वर केली की डोळ्यांची रेघ कमानीसारखी वर वाकते. खाली घातली की उलटी, वाटीसारखी. कान चेंडूच्या कडेला असतील, तर वर बघताना ते डोळ्यांच्या खाली सरकलेले दिसतात आणि खाली बघताना वर चढलेले. चेहरा थोडा वळवला की मधली रेघ वळल्या बाजूला फुगते आणि पलीकडचा डोळा नुसता कडेकडे सरकत नाही, अरुंदही होतो. नवशिक्याचं पाऊण वळलेलं तोंड बिघडतं ते नेमकं इथे, कारण तो दोन्ही डोळे सारख्या मापाचे काढतो.

तो चेंडू परत पेशंटांच्या टोपलीत गेला आणि मग खरी मजा सुरू झाली. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर पकड सुधारायला आलेले एक काका तो दाबत बसले होते. "मॅडम, हा बघा कसं तोंड करतोय." मूठ आवळली की चेहरा आडवा पसरतो, डोळे लांब जातात, गाल बोटांच्या फटींतून बाहेर येतात. सोडलं की परत गोल. पुस्तिकेत 'दाबा आणि ताणा' असं एक पान आहे, त्यावर एक चपटा गोल आणि एक लांबट गोल काढलाय, पण मुख्य अट लिहिलेलीच नाही: आकार बदलला तरी ऐवज तेवढाच राहायला हवा. उंची कमी झाली तर रुंदी वाढलीच पाहिजे. काकांच्या मुठीत ती अट आपोआप पाळली जात होती. पुस्तिकेतला चपटा गोल मोजून बघा, तो नुसताच लहान झालाय.

आता निळी पेन्सिल. डब्यात ती ग्राफाइटच्या पेन्सिलींच्या शेजारी अशी ठेवलीय की रंगकामाची पेन्सिल चुकून एकच आलीय असं वाटावं. हिचा उपयोग कच्च्या रेखाटनासाठी. पूर्वी छपाईसाठी चित्राचा फोटो काढायचे त्या फिल्मवर फिकट निळा रंग उमटत नसे. कागदाइतकाच पांढरा यायचा. त्यामुळे व्यंगचित्रकार निळ्या रंगात गोल, अक्ष, चुका, दुरुस्त्या सगळं मनसोक्त करायचे आणि वरून काळ्या शाईने पक्की रेघ मारायचे. खालचं खोडायची गरजच नाही. आजच्या स्कॅनरला आणि फोनच्या कॅमेऱ्याला निळं व्यवस्थित दिसतं, पण इलाज सोपा आहे. रंगीत स्कॅन करायचा आणि फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा फक्त निळा चॅनल, म्हणजे चित्राच्या लाल, हिरव्या आणि निळ्या थरांपैकी निळा, ठेवायचा. त्या चॅनलमध्ये निळ्या रेघा कागदासारख्या उजळ होऊन विरून जातात, काळी शाई काळीच राहते.

पण मला ती आवडली ती स्कॅनमुळे नाही. काळ्या पेन्सिलीने काढताना पहिल्या रेघेपासूनच चित्र 'काढायला' लागतो आपण. डोळा आधी, पापण्या आधी, मग त्या सुंदर डोळ्यासाठी बाकीचं डोकं जुळवत बसायचं. निळ्या रेघेला तसा रुबाब नाही. ती चुकली तर चुकली, तिच्या शेजारी दुसरी ओढायची. मग हात मोकळा होतो आणि आधी पोझ काढावीशी वाटते: टाळूपासून टाचेपर्यंत एकच वाकलेली रेघ, जिला लाइन ऑफ अ‍ॅक्शन म्हणतात. त्यावर चेंडू, त्याखाली छातीची अंडाकृती, कमरेची वेगळी अंडाकृती. छाती आणि कंबर वेगळी काढली की दोन्ही वेगवेगळ्या बाजूंना कलवता येतात आणि पात्र खांबासारखं उभं राहत नाही. एका पायावर उभा माणूस काढायचा असेल, तर मानेच्या खळगीतून सरळ खाली निळी रेघ सोडा. ती त्या पायाच्या पावलावर पडली नाही तर माणूस पडतोय असं दिसणार. तोल जाणाऱ्या पेशंटना द्यायच्या कागदावर असं चित्र परवडत नाही.

दोन गोष्टी सांभाळायच्या. ही पेन्सिल मेणाची आहे. जोर दिला की कागदावर मेणाचा थर बसतो, त्यावरून शाईचं पेन घसरतं, रेघ तुटक येते आणि मेण टोकात अडकून पेन रुसतं ते वेगळंच. हात हलकाच हवा. आणि ही खोडरबराने पूर्ण जात नाही. खोडता येणाऱ्या निळ्या पेन्सिली वेगळ्या मिळतात. डब्यातली संपली की मी त्यातलीच घेणार.

ग्राफाइटच्या पेन्सिलींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एचबी आणि टू-बी वापरल्या जातात. टू-एच कागदावर चर पाडते, सिक्स-बी आणि एट-बी छायाचित्रासारखं शेडिंग करणाऱ्यांसाठी. कार्टूनमध्ये त्या फक्त तळहात काळा करतात. संच भरलेला दिसावा म्हणून घातल्यात.

खोडरबर दोन आहेत, एक नेहमीचा पांढरा आणि एक करडा, कणकेसारखा मळायचा. मळायचा खोडरबर चोळायचा नसतो, टिपायचा असतो. रेघ पूर्ण न घालवता फिकी करायला उत्तम, आणि भुगा पडत नाही. काळा झाला की ताणून पुन्हा मळायचा. पुस्तिकेत याच्या चित्राखाली फक्त 'खोडरबर' लिहिलंय, त्यामुळे भाचीने त्याचा आधी एक बेडूक केला. बेडूक चांगला झाला होता.

पेनांवर ०.१, ०.३, ०.५, ०.८ असे आकडे आहेत. शाई पाण्याने फुटत नाही, मी ओल्या कापसाने पुसून बघितलं. टोकं मात्र मऊ आहेत, ०.१ चं टोक लवकरच आत दबलं. नंतर मी साकुरा कंपनीची मायक्रॉन नावाची पेनं घेतली. त्यांचे आकडे म्हणजे थेट मिलिमीटर नव्हेत: ०१ ची रेघ ०.२५ मिमी, ०५ ची ०.४५ मिमी, ०८ ची ०.५० मिमी. म्हणजे ०५ आणि ०८ दोन्ही घेण्यात फारसा अर्थ नाही. ०१, ०५ आणि जाड रेघेसाठी ब्रश-पेन एवढ्यात भागतं. बाहेरची रेघ जाड, आतल्या चुण्या आणि नाक-ओठ बारीक, पायाखालची आणि पोटाखालची रेघ आणखी थोडी जाड, एवढं पाळलं तरी चित्राला वजन येतं. शाई वाळल्याशिवाय पेन्सिल खोडू नका हे सगळे सांगतात. वाळल्यावरही खसाखसा खोडलं तर काळी रेघ करडी पडते, हे कोणी सांगत नाही.

ब्रश-पेन फेल्टच्या टोकाचं आहे, केसांच्या ब्रशचं नाही. नवशिक्याला तेच बरं. दाब वाढवला की रेघ जाड होते, पण हाताबाहेर जात नाही. डब्यातली ही दुसरी पैसे वसूल वस्तू.

स्केचबुक मात्र चुकीचं दिलंय. कागद जाड आहे पण खरखरीत, कोळशाच्या किंवा पेन्सिलीच्या शेडिंगला चालेल असा. पेनाचं बारीक टोक त्यावर झिजतं आणि लांब वक्र ओढताना अडखळतं. शाईला गुळगुळीत कागद लागतो. सरावाला प्रिंटरचा ८० जीएसएमचा साधा कागद या स्केचबुकपेक्षा बरा. पातळ असल्यामुळे निळ्या रेखाटनावर दुसरा कागद ठेवून खिडकीच्या काचेवर पक्की रेघही उतरवता येते. एकाच पात्राच्या पोझेस करताना याचा फायदा फार. डोकं तेच उतरवायचं, शरीर नवीन काढायचं.

लाकडी बाहुल्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण हा माझ्या धंद्याचा विषय. दिसायला तो फार छान. डब्याच्या फोटोत तोच पुढे असतो. त्याचा हात डोक्यावर न्या. हात वर जातो, खांदा जागेवरच राहतो. खऱ्या माणसाचा हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांतले सुमारे १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि उरलेले ६० अंश पाठीवरचं खांद्याचं हाड फिरल्यामुळे. बाहुल्याला ते हाडच नाही. त्याच्यावरून काढलेला हात वर केलेला माणूस म्हणजे खांदा निखळलेला माणूस. त्याला खांदे उडवता येत नाहीत, पाठीला बाक काढता येत नाही, पूर्ण मांडी घालून बसता येत नाही. शिवाय त्याची मापं खऱ्या माणसाच्या जवळची, लांब पाय आणि छोटं डोकं. कार्टूनच्या मापांशी काही संबंध नाही. कोणता पाय पुढे आहे एवढं बघायला ठीक. त्यापेक्षा आरशासमोर स्वतः पोझ घ्या, किंवा फोनचा टायमर लावून स्वतःचा फोटो काढा. खांद्याला लंबकासारखा झोका द्यायचा व्यायाम मी असाच काढला. टेबलाला एक हात टेकून पुढे वाकले, दुसरा हात लोंबता सोडला, फोटो काढला, त्यावर लाइन ऑफ अ‍ॅक्शन ओढली आणि मग टक्कलवाल्याला त्या जागी उभं केलं.

त्याच चित्राने आणखी एक धडा दिला. समोरून काढलं तर लोंबता हात पोटासमोर येतो आणि रेघांच्या गर्दीत हरवतो. बाजूने काढलं की हात मोकळ्या पांढऱ्या जागेत येतो आणि लांबूनही कळतं काय चाललंय. चित्र पूर्ण काळं रंगवलं तरी काय चाललंय ते कळायला हवं, अशी ही कसोटी. मिकी माऊस १९२८ साली पडद्यावर आला तेव्हा त्याचे हात काळे, अंगही काळं; हात अंगापुढे आला की दिसेनासा व्हायचा. १९२९ साली त्याला पांढरे हातमोजे मिळाले. त्याचे कानही बघा, डोकं कुठेही वळो, कान दोन गोलच दिसतात. खऱ्या डोक्यावर असं होणार नाही, पण ओळख पटते. म्हणून मीही बटेच्या बाबतीत हीच लबाडी केलीय, ती बाजूनेही दिसते आणि समोरूनही डोक्यावर डोकावते. शि. द. फडणीसांची शब्दांवाचून चालणारी हास्यचित्रं या नजरेने पुन्हा बघावीत. कोण काय करतंय हे कळायला मजकूर लागत नाही, कारण प्रत्येक हात-पाय आपापल्या मोकळ्या जागेत असतो.

हावभावांचा तक्ता पुस्तिकेच्या शेवटी आहे. बारा चेहरे: हसरा, रडका, चिडका वगैरे. तेही नकलून काढा, एवढंच. जिनिव्हाचे शाळाचालक आणि चित्रकथांचे आद्य निर्माते रोदॉल्फ तॉप्फर यांनी १८४५ सालीच लिहून ठेवलंय की चेहरा कितीही वेडावाकडा काढला, तरी त्याला काही ना काही भाव असतोच. तेव्हा काढत राहा, एकच रेघ बदलत राहा आणि काय होतं ते बघा. मी तसंच केलं. डोळे, नाक, तोंड तेच ठेवून फक्त भुवया बदलल्या. आतली टोकं वर उचलली की पात्र काकुळतीला येतं. आतली टोकं खाली ओढली की चिडतं, आणि तोंड घट्ट मिटलेलं असेल तर जोर लावतंय असं वाटतं. गंमत म्हणजे खऱ्या पेशंटला दुखतं तेव्हा भुवया बहुधा खालीच येतात आणि डोळे आवळले जातात. कार्टूनमध्ये तसं काढलं तर लोक त्याला जोर समजतात. दुखणं दाखवायला भुवया वर उचलाव्या लागतात. माझ्या पहिल्या कागदावर गुडघ्याचा व्यायाम करणाऱ्याच्या भुवया वर होत्या, तर एक पेशंट म्हणाले, "मॅडम, याला दुखतंय तरी तुम्ही करून घेताय?" आता त्याच्या भुवया सरळ आहेत आणि ओठांचा एक कोपरा जरासा वर.

व्हिडिओंचं एका दमात सांगते. आवाज स्वच्छ, पण वेग इतका वाढवलेला की हात फिरला की डोळा तयार. शिकवणाऱ्याचा तळहात बऱ्याचदा नेमका त्या रेघेवर. पाव वेगाने बघितले तर निदान रेघ कुठून सुरू होते ते दिसतं, संगीत मात्र तेव्हा सहन होत नाही, बंद करा. ग्राहकसेवा बरी. एक पेन कोरडं निघालं होतं, फोटो पाठवल्यावर दुसरं आलं.

स्वतःपुरतं शिकायचं असेल आणि सुटं सामान मिळत असेल, तर डब्याच्या नादी लागू नका. खोडता येणारी निळी पेन्सिल, एचबी, मळायचा खोडरबर, दोन पेनं, फेल्टचं ब्रश-पेन आणि प्रिंटरच्या कागदाचं एक रीम घ्या. चेंडू घरात असतोच. पहिल्या दिवसापासून एकच पात्र धरा आणि त्याला समोरून, बाजूने, मागून एका ओळीत उभं करा. मग बसवा. मग झोपवा. पालथं झोपलेलं पात्र सगळ्यात अवघड, ते शेवटी.

लहान मुलांना भेट द्यायची असेल तर मात्र डबा ठीक आहे, आणि पुस्तिकाही काढून घेऊ नका. छापल्यासारखं चित्र आल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. फक्त थोड्या दिवसांनी तिसऱ्या चौकोनापर्यंतच काढायला सांगा आणि चौथा झाकून ठेवा. भाचीच्या जादूगाराला असं करताना पोहण्याचा चष्मा आणि एक प्लास्टर घातलेला पाय मिळाला, प्लास्टर अर्थात माझ्या संगतीचा परिणाम. चौथा चौकोन झाकायला त्या खरखरीत स्केचबुकचा मागचा पुठ्ठा बरोबर पुरतो.